विचारणं सोडलं तेव्हा

एकदा मी देवापुढे बसून प्रश्न सोडले.

लोक साखर सोडतात, चहा सोडतात, कोणी चपला सोडून अनवाणी हिंडतं. नवस बोलायचा तर आपल्या जिवाला जे सगळ्यात गोड तेच देवाच्या पायाशी ठेवावं, असं माझ्या आईने मला शिकवलेलं. साखर मला तशीही फारशी लागत नाही. माझ्या जिवाला गोड होतं ते विचारणं. कुठे निघालात, कधी येणार, तिथे कोण कोण होतं, ते काय म्हणाले, मग तुम्ही काय म्हणालात… आमचे हे मला ‘चौकशीची खिडकी’ म्हणायचे. कामावरून आले की मी तोंड उघडायच्या आधीच ‘उघडली बाई खिडकी!’ म्हणून डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायचे. अशी मी. आणि आता मी कोणालाच काही विचारत नाही. दुसऱ्याने विचारलेलं सांगते, तेवढी सूट देवाकडून मागून घेतलीय.

दिवा जरा आडोशाला घे. दारातून वारा येतोय.

मी आले होते तुझे चिमटे परत द्यायला, एवढंच. तुझ्या दोरीवरचे उडून माझ्या मागच्या ओट्यावर पडले होते. ते गोळा करताना तुझा नवरा मागच्या दाराने आत जाताना दिसला, आणि चिमटे माझ्या मुठीतच राहिले. बोगद्यात परवा पुन्हा पाणी फुटलं, वीज गेली ती अजून आली नाही, आणि आज तुझं माणूस घरी आलं. आनंदाची गोष्ट आहे. खरंच सांगते, आनंदाचीच. तू या वसाहतीत नवीन, म्हणून आले. तो आत झोपलाय तोवर माझं ऐकून घे. आणि तुझ्या ओठांवर मघापासून जे येऊन थांबलंय ना, ते तेवढा वेळ तसंच थांबू दे.

आमचे हे बोगद्यात पंपावर. डोंगर पोखरताना आत पाणी झिरपतच असतं. ते बाहेर फेकत राहायचं, नाहीतर बाकीच्यांना कामच करता येत नाही. त्यामुळे पंपवाला सगळ्यांच्या आधी आत जाणार आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर येणार. मला त्याचा अभिमान होता, आणि रागही. जेवणाची वेळ कधी पाळली नाही त्यांनी.

पहिल्यांदा पाणी फुटलं त्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले. आम्ही बायका बोगद्याच्या तोंडाशी थांबायचो, आतून कोणीतरी येऊन डबे घेऊन जायचं. ऊन रणरणत होतं. आणि आतून आधी वारा आला. ओल्या दगडाचा वास असलेला, गार. एवढ्या उन्हात माझ्या हातांवर काटा आला. मग आत कोणीतरी ओरडलं, “पंप थांबले!” आणि तो आवाज सुरू झाला… जमिनीखालून कोणी मोठं कपाट फरफटत आणतंय तसा. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. डब्याचं झाकण निसटून गडगडत गेलेलं आठवतं. मग एकदम घर, देवाचा कोनाडा आणि समोर बसलेली मी. मधला रस्ता मी चालले असणार, त्याशिवाय घरी पोचले नसते.

तिथेच हात जोडून बोलले. देवा, त्यांना घरी आण. कुठून आले, कसे आले, मी विचारणार नाही. त्यांना नाही, दुसऱ्या कोणाला नाही, तुलाही नाही. या जन्मात पुन्हा प्रश्न म्हणून माझ्या तोंडातून निघणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. कडी वाजवायची त्यांची एक रीत होती. आधी एकदा जोरात, मग उगाच हळूच, पहिल्याबद्दल माफी मागितल्यासारखी. मी दार उघडलं. उभे होते. कामाचाच डगला अंगावर, केस कपाळाला चिकटलेले.

“उशीर झाला जरा,” म्हणाले.

माझ्या घशात सगळे प्रश्न एकावर एक चढून बसले. मी जीभ दाताखाली धरली. “या,” म्हटलं, “हातपाय धुऊन घ्या. वाढते.”

“भूक नाही. बसतो नुसता.”

आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. तेव्हापासून बसलेतच म्हण. कामावर जायचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. कचेरीतला माणूस एकदा दारात येऊन गेला. “न सापडलेल्यांमध्ये यांचं नाव आहे, काही कळलं का?” असं माझ्याकडे न बघता, दाराच्या चौकटीलाच विचारल्यासारखं म्हणाला. मी म्हटलं, “वाट बघतेय.” ते खोटं नव्हतं. इतकी वर्षं वाट बघायची सवय लागलेली, ती काही माणूस आल्यावर एका दिवसात जात नाही. तो लगेच निघून गेला.

न विचारता संसार करणं वाटतं तितकं अवघड नाही. ‘चहा घेणार का’ म्हणायचं नाही, ‘चहा ठेवलाय’ म्हणायचं. ‘बरं वाटतंय का’ म्हणायचं नाही, कपाळावर हात ठेवायचा. त्यांचं कपाळ गार असायचं, मला बरंच वाटायचं, निदान ताप तरी नाही. आणि हे इतके मऊ झाले होते गं. पूर्वी मीठ कमी पडलं तरी भांडं आपटणारा माणूस. आता दुपारभर खिडकीतून बघत बसायचे आणि मी भाजी निवडत शेजारी. इतकं सुख मला लग्नाच्या पहिल्या वर्षीही मिळालं नव्हतं.

फक्त कपडे धुताना जीव थाऱ्यावर नसायचा.

तू अजून फार कपडे धुतले नाहीस इथे, कळेल तुला. बोगद्यातल्या माणसाचा कपडा म्हणजे दगडाचं पीठ. कॉलरीत, शिवणीत, खिशाच्या कोपऱ्यात. कितीदाही खळबळा, पाणी राखेसारखंच निघतं. घरात बसून राहिलेल्या माणसाचाही सदरा मळतोच, घामाने, तेलाने. आणि यांचा सदरा मी बादलीत बुडवला की पाणी होतं तसंच. नितळ. तळाचा ओरखडा दिसावा इतकं नितळ. मी बादली पटकन ओतून टाकायची. बघायचं नाही ठरवलं की डोळेही शहाण्यासारखे वागतात.

समोरच्या घरात फिटर राहायचे. तेही त्याच दुपारी परत आले, त्यांच्या मागच्या दाराने. फिटरवहिनी आणि मी धुण्याच्या ओट्यावर भेटलो, एकमेकींकडे बघून हसलो आणि एकमेकींच्या बादलीत बघायचं टाळलं. पण ती माझ्यासारखी नव्हती. पूर्वी मी विचारायची आणि ती ‘पुरे हो वहिनी’ म्हणायची. आता उलटं झालं.

“वहिनी, तुमच्या बादलीतलं पाणी बघा,” ती एकदा हळूच म्हणाली.

“बघितलं.”

“मग?”

“स्वच्छ आहे. बरंच झालं, साबण वाचतो.”

“थट्टा सुचतेय तुम्हाला! भीती नाही वाटत?”

“वाटते की. म्हणूनच ओतून टाकते.”

“मला नाही राहवत,” म्हणाली. “रात्रभर मी त्यांचा श्वास ऐकायला कान लावून पडते. ऐकू येतो असं वाटतं, मग वाटतं तो माझाच आहे. मला खरं काय ते कळू दे, मग मेले तरी चालेल.”

“असं बोलू नये,” मी म्हटलं.

एका सकाळी मी तिच्याकडे साबणाची वडी द्यायला गेले होते. फिटर टेबलाशी बसून घड्याळाचं मागचं झाकण उघडत होते. हातात बारका पेचकस. मला बघून म्हणाले, “या वहिनी. हे घड्याळ बघा, सारखं त्याच वेळेला अडतंय.” चेहरा हसरा. आणि फिटरवहिनीने ओट्याकडे पाठ करून, पदराला हात पुसत, सरळ विचारलं,

“अहो, त्या दिवशी तुम्ही बाहेर कसे आलात?”

मी तिचा हात धरायला पुढे झाले. उशीर झाला होता.

“कसा म्हणजे?” फिटर हसले. “चालत.”

“कुठल्या बाजूने? तोंड तर बुजलं होतं.”

पेचकस थांबला. घराबाहेर पडल्यावर माणूस आठवतो बघ, नळ बंद केला की राहिला, तसे ते भिंतीकडे बघत राहिले. घाबरले नाहीत. चेहऱ्यावर थोडा ओशाळेपणा आला, एवढंच.

“…अरे हो,” म्हणाले. “राहिलंच की.”

आणि उठले, मागच्या दाराने बाहेर गेले. चपला तिथेच. फिटरवहिनी धावत गेली तर ओट्यावर कोणी नव्हतं, लांबपर्यंत रस्ता रिकामा. फक्त तो वास होता, ओल्या दगडाचा.

दुसऱ्या दिवशी आतलं पाणी ओसरलं आणि फिटर सापडले. अंगावर त्या दिवशीचाच डगला, हात एका झडपेच्या चाकाला आवळलेला. कचेरीची माणसं म्हणाली, पहिल्या तासातच झालं असणार सगळं. आणि आदल्या दिवशी जो घरचा सदरा घालून ते घड्याळ उघडत बसले होते, तो तिच्या दोरीवर होता. कोरडा. चिमटे लावलेला.

तेव्हा मला उमगलं. या माणसांना स्वतःलाच ठाऊक नसतं गं. ती घरी यायची म्हणून निघालेली असतात आणि मधलं काही त्यांच्या लक्षातच राहिलेलं नसतं. आपण विचारतो आणि त्यांना आठवतं.

फिटरवहिनी खूप रडली. मग हळूहळू सावरली. भावाकडे जायला सामान बांधलं आणि निघायच्या दिवशी माझ्याकडे आली. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून कुजबुजत भांडली माझ्याशी.

“मी पोटभर रडले, वहिनी. आता झोप लागते मला. तुम्हाला लागते?”

मी हल्ली झोपते की नुसती पडून राहते, हे मलाच नीट सांगता आलं नसतं.

“भावजी इथे खुर्चीत बसलेत,” ती म्हणाली, “आणि तिकडे आत अंधारात, चिखलात त्यांचं कोणी नाही. तिथे ते एकटे आहेत. त्यांना बाहेर काढायला नको? त्यांच्यासाठी कोणी दोन अश्रू ढाळायला नकोत? हे प्रेम नाही वहिनी, ही तुमची सोय आहे.”

हे मला लागलं. अजून लागतं.

“तुमच्याने होत नसेल तर मी विचारते,” असं म्हणून ती सरळ बाहेरच्या खोलीत गेली आणि यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. काहीतरी पाडावं, ओरडावं, दूध उतू जाऊ द्यावं… काही म्हणता काही हाताला येईना.

“भावजी,” ती म्हणाली, “एक विचारू?”

आणि हे केवढे खुलले! “विचारा की! हल्ली मला कोणी काही विचारतच नाही. आमची खिडकी तर कायमची बंद झालीय, बघितलंत तुम्ही. घरात बसलोय की भिंतीवर टांगलोय, कळत नाही.”

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. नळ टपकत होता. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“तुम्हाला तिथे… तुम्हाला थंडी वाजते का हो?”

“वाजते थोडी,” हे म्हणाले. “पण हिने रजई दिलीय.”

फिटरवहिनीने पदर तोंडात कोंबला आणि उठली. मी तिच्यामागे मागच्या दारापर्यंत गेले. तिथे तिने माझा हात धरला आणि लगेच सोडला, चटका बसल्यासारखा.

“मला वाटलं, मी धीट आहे,” म्हणाली. “पण वहिनी, तुम्ही चुकताय.”

“असेल.”

“मीही बरोबर केलं असं मला रोज वाटत नाही. कधी वाटतं. कधी त्यांच्या चपला दिसतात आणि नाही वाटत.” डोळे पुसले आणि गेली. त्यानंतर ती या वसाहतीत आली नाही.

मी देवाला हात जोडले, टळलं म्हणून. पण टळलं नव्हतं. एकदा कोणी ‘एक विचारू?’ म्हटलं की ते वाक्य घरात राहतं, पाहुणा गेल्यावर उदबत्तीचा वास राहावा तसं.

त्याच संध्याकाळी, अशीच दिवेलागण झालेली असताना, यांनी हाक मारली.

“अगं.”

मी जवळ गेले.

“तू मला काहीच कसं विचारत नाहीस?”

“व्रत आहे माझं,” मी म्हटलं. “प्रश्न सोडलेत.”

“कशासाठी?”

“तुमच्यासाठी.”

त्यांनी रजईची कड बोटांत घेतली, चोळत राहिले. “तुला काही माहीत आहे का?” अगदी हळू म्हणाले. “माझ्याबद्दल? असं काही… जे मला माहीत नाही?”

मी विचारायचं नाही एवढंच देवाला बोलले होते. खोटं बोलायची सूट मागितली नव्हती. आणि या माणसाशी मी आयुष्यात कधी खोटं बोलले नाही. ‘काही नाही’ म्हणावं तर जीभ वळेना. खरं सांगावं तर ते उठतील, ‘अरे हो’ म्हणतील आणि मागच्या दाराची कडी मला आतून लावावी लागेल. माझ्या छातीत नुसती धडधड… धडधड असावी असं वाटत होतं, पण खोलीत नळाशिवाय कशाचाच आवाज नव्हता.

“मला माहीत करून घ्यायचं नाही,” मी शेवटी म्हटलं. ते खरं होतं.

त्यांच्या चेहऱ्यावर तो ओशाळेपणा यायला लागलाय असं मला वाटलं, आणि मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. मग ते हसले. अगदी मायेने. असे हसले की जणू मीच कोणी आजारी आहे आणि मला जपायला हवं.

“बरं,” म्हणाले. “मग मीही नाही विचारत.”

“विचारा की. मला कसली भीती आलीय.”

“नको,” म्हणाले. “त्या दिवशी मी पंपाजवळून वळून बघितलं होतं. तोंडाशी उजेड होता. उजेडात तू उभी होतीस, हातात डबा. मग पाणी माझ्या अंगावरून पुढे गेलं… तुझ्याच दिशेने…”

हात हळूच माझ्या हातातून सोडवून घेतले.

“जाऊ दे,” म्हणाले. “बरं चाललंय आपलं.” आणि रजई अर्धी माझ्याकडे सारली. “ये. तुलाही थंडी वाजत असेल.”

ते पुढे काय म्हणणार होते, ते मला विचारता येत नाही. व्रत आहे. पाणी कुठेतरी वळलं असेल. माणसाला अंधारातून उजेडातलं नीट दिसत नाही, भास होतो. देव दयाळू आहे, दोघांना एका घरात ठेवलंय त्याने, एवढं मला पुरतं. कधी कधी दुपारी वाटतं की फिटरवहिनी म्हणाली ते बरोबर होतं, कोणीतरी कोणासाठी तरी रडायला हवं होतं. मग मी उठते आणि काहीतरी धुवायला घेते.

खरं कळलेलं बरं की न कळलेलं, हे मी तुला सांगू शकत नाही, बाई. तिला झोप लागते. मला सोबत आहे. दोन्ही कोणालाच मिळालेलं मी बघितलं नाही. पण विचारायला उभा जन्म पडलाय आणि विचारलेलं मागे घेता येत नाही, एवढं मात्र…

थांब. खाट वाजली. उठला वाटतं तुझा नवरा.

ऐकलंस तू. “कोणाशी बोलतेयस गं, एकटीच एवढा वेळ?” म्हणतोय. दारातच उभा आहे. सरळ इकडेच बघतोय, तुझ्याकडे, आणि माझ्या पलीकडच्या भिंतीकडे.

त्याला काही सांगू नकोस. आणि माझ्याकडे अशी बघू नकोस, बाळ. दिवा खाली ठेव, हात जोड आणि मी म्हणाले तसंच म्हण: विचारणार नाही. त्याला नाही, दुसऱ्या कोणाला नाही… आणि आज मलाही नाही.